देणं आणि तक्वा

कुराणातली सर्वांत लांब आयत, म्हणजे दुसऱ्या सूरेतली 282वी, उधारीच्या कागदाबद्दल आहे. मुदतीचं कर्ज असेल तर ते लिहून ठेवा, लिहिता येणाऱ्याने नकार देऊ नये, साक्षीदार घ्या, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नका, इतक्या बारकाव्यात ती जाते. कागदाचा मजकूर सांगायचा आहे तो कर्ज घेणाऱ्याने. तो सांगताना त्याने अल्लाहचं भय बाळगावं आणि आकड्यात काही घटवू नये, असं त्याला बजावलं आहे. अल्लाहचं हे भान म्हणजेच तक्वा. इस्लाममधल्या धार्मिकतेचा सगळा डोलारा ज्यावर उभा आहे त्या तक्व्याची आठवण ग्रंथाने हिशेबाच्या कागदापाशी करून द्यावी, याला मी फार महत्त्व देतो. माझ्या मते इस्लाममध्ये माणसाच्या धार्मिकतेचा खरा कस लागतो तो दुसऱ्याचं जे आपल्याकडे राहिलं आहे त्याचं आपण काय करतो, इथे.

मुस्लिम परंपरेने कर्तव्यांचे दोन भाग केले आहेत : अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क. पहिल्यांत कसूर झाली तर पश्चात्ताप करून क्षमेची आशा धरता येते. दुसऱ्यांत मात्र ज्याचं बुडवलं त्याला ते परत करावं लागतं, नाहीतर त्याची माफी मिळवावी लागते. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत, हा विचार अतिशय कठोर होऊन येतो. अल्लाहच्या मार्गात प्राण देणाऱ्या शहिदाचे सगळे गुन्हे माफ होतात, पण कर्ज होत नाही, असं ‘सहीह मुस्लिम’ हा हदीससंग्रह सांगतो. मदिनेत एखादा जनाजा आला की पैगंबर मुहम्मद मृतावर कर्ज आहे का, हे विचारत. कर्ज असेल आणि फेडण्याची सोय नसेल तर नमाज स्वतः पढवत नसत, इतरांना पढायला सांगत. अशाच एका प्रसंगी त्यांचे सोबती अबू कतादा यांनी मृताचं कर्ज अंगावर घेतलं, तेव्हा पैगंबर नमाजासाठी पुढे झाले. नंतर हाती साधनं आली तशी अशा मृतांची कर्जं त्यांनी स्वतःवर घेतली. हा उत्तरार्ध विसरून चालणार नाही, कारण गरिबाच्या गळ्याला फास लावणं हा या कठोरपणाचा हेतू नव्हता. त्याच सूरेत, उधारीच्या आयतीच्या थोडं आधी, अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्या आणि सोडून दिलंत तर अधिक चांगलं, असं सावकारालाही सांगितलं आहे.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही धर्माची चोपडी करून टाकलीत. तक्वा तर अंतःकरणात असतो, खुद्द पैगंबरांनी छातीकडे बोट दाखवून तीनदा तसं सांगितलं आहे. खरं आहे. पण ती हदीस पुरती वाचली पाहिजे. एकमेकांचा मत्सर करू नका, खोटी बोली लावून भाव चढवू नका, दुसऱ्याच्या सौद्यात सौदा घालू नका, इथून ती सुरू होते. आणि मुसलमानाचं रक्त, मालमत्ता, अब्रू दुसऱ्या मुसलमानाला हराम आहे, इथे संपते. हृदयाचा उल्लेख मधोमध, बाजाराच्या गजबजाटात आहे. साक्षीदार नसताना माप पुरं भरणारं हृदय तिथे अभिप्रेत आहे, असंच मला दिसतं.

उलट बाजूचा आक्षेप असा, की व्यवहार चोख असला म्हणजे झालं, मग नमाज-रोजे कशाला? या आक्षेपाला दिवाळखोराची हदीस उत्तर देते. कयामतच्या दिवशी एक माणूस नमाज, रोजे, जकात घेऊन येईल. पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्यं त्या पीडितांना वाटली जातील, आणि ती संपली की त्यांची पापं याच्या माथी येतील. इथे नमाज कवडीमोल ठरलेली नाही. ती मोलाची आहे म्हणूनच तिच्यातून देणं भागवता येतं. इमाम गझाली यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’चा पहिला चतुर्थांश उपासनेवर आहे आणि दुसरा जेवण, विवाह, कमाई, मैत्री यांवर. हा क्रम मला पटतो : दिवसातून पाच वेळा कुणीतरी पाहत आहे याची सवय जडल्याशिवाय कोणी माणूस पाहत नसताना प्रामाणिक राहणं अवघड आहे.

आणि हे देणं फक्त आपल्याच माणसांचं नव्हे. परंपरा सांगते की 622 साली मक्का सोडताना लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी पैगंबरांनी आपले चुलतभाऊ अली यांना मागे ठेवलं. ठेवी होत्या त्याच शहराच्या, जे त्यांच्या जिवावर उठलं होतं. एखाद्या समूहाबद्दलचा द्वेष तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, न्याय तक्व्याच्या अधिक जवळ आहे, हे पाचव्या सूरेतलं बजावणं याच जातीचं आहे.

हे मान्य केलं तर आपल्याकडच्या काही रीतींकडे डोळेझाक करता येत नाही. चौथ्या सूरेने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे; तरी मुस्लिम घरांतही बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं जातं आणि तेच भाऊ हजच्या तयारीला लागतात. मेहर, म्हणजे निकाहात पत्नीला देऊ केलेली रक्कम, तर नवऱ्यावरचं कर्जच, वारसांच्या वाटण्यांआधी फेडायचं. तरीही अनेक ठिकाणी जनाजा उठण्यापूर्वी विधवेला मेहर माफ केल्याचं म्हणायला लावतात. पत्नीने राजीखुशीने सोडलेला भागच पतीने घ्यावा, अशी कुराणाची अट आहे. चार नातेवाईक भोवती उभे असताना रडणाऱ्या बाईकडून वदवून घेतलेला शब्द त्या अटीत बसत नाही, आणि मृताचं देणं तसंच राहतं.