नागपूरचा समुद्र

नागपूरला एके काळी समुद्रकिनारा होता. १७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दी खान आणि पहिले रघूजी भोसले यांच्यात तह झाला. बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये ठरले आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा नागपूरकरांकडे आला. कटक, बालेश्वर, जगन्नाथपुरी ही ठाणी त्यानंतर बावन्न वर्षे ‘सेनासाहेब सुभा’ म्हणवणाऱ्या नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होती. १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. पहिला ईस्ट इंडिया कंपनीने ठेवला, दुसरा निजामाच्या पदरात टाकला. डोंगर, नद्या, किनारा सगळे जागच्या जागी राहिले. नागपूरचा भूगोल मात्र एका सहीने बदलला.

हा किनारा राहिला असता तर? जर-तरचा प्रश्न विचारला की ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते’ हे उत्तर ठरलेले. पण राज्ये चालवणारी माणसे सदैव जर-तरचाच हिशोब मांडत असतात. ही वाट शत्रूच्या हाती गेली तर काय, हे बंदर आपल्याकडे आले तर काय, हा विचार गव्हर्नर-जनरल वेलस्लीने केला म्हणूनच त्याला कटक हवे होते. जो हिशोब त्या काळच्या माणसांनी भविष्याविषयी मांडला, तो आपण भूतकाळाविषयी मांडायला हरकत नसावी. अट एवढीच, की कल्पनेने एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या गोष्टी होत्या तशा ठेवायच्या.

पहिली कल्पना कोणालाही सुचेल अशी आहे. किनारा राहिला असता तर नागपूरकरांनी आरमार उभारले असते, बंदरे बांधली असती, भोसल्यांचे राज्य समुद्रावरची सत्ता झाले असते. हे स्वप्न लगेच बाजूला ठेवावे लागते, कारण बावन्न वर्षांत यातले काहीच झाले नाही. त्यात भूगोलाचाही हात होता. कोकणात खाड्या आहेत, खडकाळ बेटे आहेत, जलदुर्गाला जागा आहे. ओडिशाचा किनारा बहुतांशी उघडा, वाळूचा, गाळाने भरणारा. बालेश्वरला इंग्रज, डच, फ्रेंच अशा सगळ्यांच्या वखारी होत्या, पण मोठ्या जहाजांना गाळ आणि वाळूच्या दांड्यांची धास्ती असे. शिवाय ज्या काळात नागपूरकरांच्या हाती किनारा आला, त्याच काळात मराठी सत्तेने समुद्राकडे पाठ फिरवली. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, ते पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत. मराठ्यांना पूर्व किनारा मिळाल्यावर पाचच वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरचे त्यांचे सर्वांत बळकट आरमार त्यांच्याच संमतीने संपले. अशा राज्याकडे आणखी पन्नास वर्षे कटक असते, तरी पुरीच्या यात्रेकरूंचा कर आणि मिठाचे उत्पन्न यापलीकडे समुद्राचा उपयोग झाला असता असे मानायला आधार नाही.

म्हणून बंदराचा विचार सोडून वाटेचा विचार करायला हवा. कंपनीच्या दृष्टीने ओडिशाचे मोल वेगळे होते. कलकत्ता आणि मद्रास या तिच्या दोन इलाख्यांमधल्या जमिनीवरच्या वाटेत नागपूरकरांचा मुलूख आडवा पडला होता. समुद्रमार्ग होता, पण बंगालच्या उपसागरात पावसाळी वारे आणि वादळे, वर फ्रेंच गलबतांचे भय. हत्यारबंद फौज खात्रीने न्यायची तर किनाऱ्याकिनाऱ्यानेच जावे लागे आणि त्या वाटेचे दार भोसल्यांच्या हाती होते.

हे दार बंद करण्याची वेळ एकदा खरोखर आली. नाना फडणीस, हैदर अली आणि निजाम यांच्या इंग्रजांविरुद्धच्या जुटीत नागपूरकर सामील झाले तेव्हा बंगालवर स्वारी करण्याचे काम त्यांच्याकडे होते. नागपूरची सूत्रे सांभाळणाऱ्या मुधोजी भोसल्यांचा मुलगा चिमणाजी फौज घेऊन कटकला उतरला. तिकडे सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला हैदरने इंग्रज कर्नल बेलीची फौज बुडवली आणि मद्रास हादरले. इंग्रज सेनापती आयर कूट समुद्रमार्गे मद्रासला पोचला, पण त्याला आणखी कुमक हवी होती. गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने कर्नल पिअर्सला बंगालच्या पलटणी देऊन जमिनीवरून दक्षिणेकडे धाडले. भोसल्यांची फौज शेजारी असताना ही तुकडी ओडिशातून बिनबोभाट पार झाली. तिला अडवले ते मराठ्यांनी नव्हे, गंजामजवळच्या कॉलऱ्याने. त्यात पिअर्सचे शेकडो लोक दगावले. ही वाट पैशाने मोकळी झाली होती. हेस्टिंग्जने चिमणाजीच्या फौजेसाठी लाखांच्या रकमा दिल्या, आणि कलकत्त्यातला भोसल्यांचा वकील बेनीराम पंडित त्याच्या विश्वासातला होता. फौजेचा पगार थकलेला, कटकचा वसूल तोकडा आणि पुण्याच्या कारभाऱ्यांवर नागपूरचा भरवसा कधीच नव्हता. त्यामुळे हा सौदा मुधोजींना शहाणपणाचा वाटला असणार.

आता जर-तर मांडू. १७८१ च्या आरंभी मुधोजींनी पैसे नाकारून वाट रोखली असती तर कलकत्ता पडले असते काय? नाही. फोर्ट विल्यमसमोर घोडदळाचा काही उपयोग नव्हता. पण पिअर्सला लढत जावे लागले असते, कूटला ती कुमक वेळेवर मिळाली नसती, आणि १७८२ साली सुफ्रँचे फ्रेंच आरमार किनाऱ्यावर आले तेव्हा मद्रासची स्थिती आणखी नाजूक असती. त्याच वर्षी झालेल्या सालबाईच्या तहात मराठ्यांना अधिक काही मागता आले असते. याहून पुढे जाऊन इंग्रजी राज्य टळले असते म्हणणे हा स्वतःला गोंजारण्याचा प्रकार आहे. पण एवढे सिद्ध होते, की भूगोलाने दिलेली सत्ता नागपूरच्या हातात खरोखर होती आणि ती एका हंगामाच्या पगारासाठी विकली गेली. नागपूरकर त्या वाटेकडे उत्पन्न म्हणून पाहत होते, हेस्टिंग्ज तिच्याकडे वाट म्हणून पाहत होता.

१८०३ साली हीच वाट कंपनीने विकत न घेता काबीज केली. कर्नल हारकोर्ट सप्टेंबरमध्ये, ऐन पावसाळा सरता सरता, मद्रास इलाख्यातल्या गंजामहून निघाला. पुरी न लढता मिळाली. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाती किल्ला पडला. दुसरे रघूजी त्या वेळी शिंद्यांसह वऱ्हाडाच्या बाजूला वेलस्लीच्या धाकट्या भावाशी झुंजत होते. आडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव अजून व्हायचा होता. नागपूरहून कटकला मदत धाडायची म्हटली असती तरी छत्तीसगडचे जंगल, संबळपूरची वाट आणि पुरात असलेल्या नद्या मध्ये होत्या. समुद्र नागपूरचा होता, पण तो राजधानीपासून अरण्यापलीकडे होता. नकाशावर जोडलेला मुलूख आणि पावसाळ्यात खरोखर पोचता येणारा मुलूख यांतले अंतर त्या दिवसांत उघडे पडले. बावन्न वर्षांत या पूर्वेच्या वाटेवर भोसल्यांनी भक्कम रस्ता आणि साठ्याची ठाणी उभारली असती, तर मदत वेळेत निघाली तरी असती.

पन्नास वर्षांनी हाच धडा दुसऱ्या दिशेने आला. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. त्याच्या युक्तिवादात दत्तकाच्या नामंजुरीबरोबर दोन गोष्टी ठळक होत्या: इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा कापूस, आणि मुंबई-कलकत्ता ही सरळ वाट जवळजवळ संपूर्ण कंपनीच्या मुलखातून जाण्याची सोय. १८०३ मध्ये कलकत्ता-मद्रास वाटेसाठी किनारा गेला, १८५४ मध्ये कलकत्ता-मुंबई वाटेसाठी उरलेले राज्य गेले. आपल्याला झिरो माइलच्या खांबाचा अभिमान आहे, नागपूर देशाच्या मध्यावर आहे हे आपण पाहुण्याला आवर्जून सांगतो. पण मध्यावर असणे हे नागपूरच्या बळाचे कारण क्वचितच ठरले. बहुधा ते इतरांनी नागपूर घेण्याचे कारण ठरले.

या कल्पनाविलासात एक पक्ष नेहमी गाळला जातो, तो तिथल्या माणसांचा. हा ‘नागपूरचा समुद्र’ मिळवणाऱ्या आपल्या स्वारांना बंगालने बर्गी म्हटले आणि अंगाईगीतांतून पोरांना त्यांचे भय घातले. कलकत्त्याने १७४२ साली त्यांच्या भीतीने खंदक खणला. खुर्द्याच्या राजाचे उत्पन्नाचे परगणे आणि पुरीचा कारभार मराठ्यांनी आपल्याकडे घेतला होता. १८१७ च्या मार्चमध्ये खुर्द्यात बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइक कंपनीविरुद्ध उठले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीखाली आप्पासाहेब भोसल्यांची फौज त्याच कंपनीशी लढली. हे दोन उठाव एकमेकांना जोडले गेले नाहीत. चौदा वर्षांपूर्वीपर्यंत एका राज्यात असलेल्या या दोन मुलखांत वसुलीपलीकडचे नाते तयार झाले असते, तर कदाचित गेलेही असते. किनारा राखण्यासाठी आधी तिथली माणसे आपली मानावी लागतात, हा जर-तर आरमाराच्या जर-तरपेक्षा अधिक वास्तव आहे.

गमावलेल्या किनाऱ्याची आठवण राजकारण कसे घडवते, याचे उदाहरण बोलिव्हिया. १८७९ ला सुरू झालेल्या युद्धात चिलीने तिचा किनारा घेतला. ती आजही दर २३ मार्चला ‘सागर दिन’ पाळते आणि समुद्र नसताना नौदल बाळगते. नागपूरने असा दिवस पाळला नाही हे बरेच झाले. पण विदर्भाच्या वादात एक भौगोलिक चूक मात्र दोन्ही बाजू करतात. १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली, १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, आणि तेव्हापासून सगळी चर्चा सीमारेषा आणि अनुशेष यांभोवती फिरते. एक पक्ष म्हणतो, वेगळे झालो तर मुंबईचे बंदर जाईल. दुसरा म्हणतो, वेगळे झालो की सगळे साधेल. वऱ्हाडचा इतिहास दोघांनाही खोडतो. १८५३ नंतर वऱ्हाड नावाला निजामाचेच होते, तरी रेल्वे आल्यावर तिथला कापूस मुंबईच्या बंदरातून गेला. सीमेने तो अडवला नाही आणि सीमेने त्याचा फायदाही वऱ्हाडात ठेवला नाही. फायदा कुठे राहतो हे ठरवले ते माल कुठे थांबतो याने.

१८६७ मध्ये नागपूरला आलेल्या त्याच रेल्वेकडे जमशेदजी टाटांनी वेगळ्या नजरेने पाहिले. कापूस मुंबईला नेऊन विणण्याऐवजी त्यांनी गिरणीच कापसाजवळ आणली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि नागपूर काही काळ वाटेवरचे ठाणे न राहता माल घडवणारे शहर झाले. आज ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, मिहान प्रकल्प आहे. या वाटेवरून विदर्भाचा कापूस, संत्री आणि खनिजे आणखी वेगाने बाहेर जातील, की वाटेतच घडून, बांधून, नावानिशी जातील, हा निर्णय नागपुरात बसून घेता येतो. त्यासाठी समुद्र लागत नाही आणि सीमाही हलवावी लागत नाही. १७८१ मध्ये मुधोजींपुढेही असाच निर्णय होता आणि त्यांनी हंगामाची रोकड घेतली.