सापडले ते कोणाचे?

हरवलेले जनावर सापडले की आनंद होतो, असे आपण सहज म्हणतो. पण तो आनंद कोणाचा?

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ धडकले आणि न्यू ऑर्लीन्स शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. माणसांना हलवणाऱ्या अनेक बसगाड्यांत व निवाऱ्यांत कुत्र्या-मांजरांना मज्जाव होता. अन्नपाणी मागे ठेवून कित्येकांनी जड अंतःकरणाने घर सोडले. मागाहून स्वयंसेवकांनी हजारो प्राणी वाचवले. त्यांतील पुष्कळ दूरच्या राज्यांत गेले, तेथे त्यांना नवी घरे मिळाली. पुढे मूळ धनी शोध घेत आले, तेव्हा काहींना नकार मिळाला. प्रकरणे न्यायालयात गेली. ज्यांनी टाकले त्यांचा हक्क संपला, असा नव्या पालकांचा युक्तिवाद होता.

आम्हांस वाटते, येथे टाकणे आणि ताटातूट होणे यांत गल्लत झाली. जुन्या करारातील अनुवाद या पुस्तकाच्या २२व्या अध्यायात सांगितले आहे, की भावाचे चुकलेले जनावर घरी आणून सांभाळावे आणि तो शोधत आला म्हणजे परत द्यावे. म्हणजे सापडलेले जनावर ही मालकी नव्हे, ठेव आहे. मात्र सांभाळताना जीव जडतोच. म्हणून परत करणाऱ्याच्या अश्रूंची धन्याने कदर करावी, त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवावे.

२००६ साली अमेरिकेने कायदा करून आपत्ती-नियोजनात पाळीव प्राण्यांचा विचार आवश्यक ठरवला. कायद्याने ताटातूट टळू शकेल. पण जीव जडलेली ठेव परत करणे आपल्यालाच शिकावे लागते.