आमच्या मुहूर्तात विघ्न घाल

टेकडीच्या गणराया,

नाटकाच्या आधी नांदीत तुझं नाव घ्यायची आमची जुनी रीत आहे. प्रयोग निर्विघ्न पार पडू दे, एवढंच नटमंडळी मागतात. आज मागणं वेगळं आहे आणि ते आम्हा मोठ्यांसाठी आहे. बाप, आई, काका, मामा, शेजारच्या काकू, मध्यस्थी करणारे भले गृहस्थ, आम्ही सगळेच आलो. नाटकात आम्ही दुय्यम पात्रं असतो. नायक-नायिकेचा जीव मात्र बहुतेक वेळा आमच्याच हातून जातो.

भवभूती आमच्या विदर्भातला. 'मालतीमाधव'च्या सुरुवातीला तो आपलं गाव पद्मपूर सांगतो आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी ते गाव आमगावजवळ दाखवून दिलं. त्या नाटकाच्या नांदीत तूच आहेस. शंकराचं तांडव चाललेलं, नंदीच्या मृदंगाला ढगांचा गडगडाट समजून कार्तिकेयाचा मोर धावत येतो, त्याला भिऊन शंकराच्या अंगावरचा साप तुझ्या सोंडेत शिरतो, आणि तू चीत्कार करत डोकं हलवत राहतोस. ते डोकं हलवणं सगळ्यांचं रक्षण करो, असं भवभूती म्हणतो. आम्हीही डोकं हलवतो, बाप्पा. पोरीनं एक नाव सांगितलं रे सांगितलं की लगेच. त्यानं कुणाचं रक्षण होत नाही.

पुढची गोष्ट तुला माहीत आहे. मालतीचा बाप भूरिवसू आणि माधवाचा बाप देवरात हे विद्यार्थिदशेतले मित्र. मुलांचं लग्न लावू, असा शब्द त्यांनी तेव्हाच एकमेकांना दिलेला. पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची असते आणि भूरिवसूच्या तोंडून 'नाही' निघत नाही. मोघम बोलून तो वेळ मारून नेतो. बाप मंत्री असला तरी असाच वागतो, मग आमच्यासारख्या नोकरदाराचं काय घेऊन बसलास! तिथं पोरांना वाचवते ती कामन्दकी. म्हातारी बौद्ध परिव्राजिका, दोन्ही बापांची जुनी सहाध्यायी. ती डाव रचते, निरोप पोचवते, नंदनाच्या मांडवात मालतीच्या वेषात माधवाच्या मित्राला, मकरंदाला बसवते. आणि शेवटी मालती हरवली तेव्हा ही बाई कड्यावरून जीव द्यायला निघते. तिनं पोरांना नादी लावून मधेच सोडलं नाही.

आता व्हेरोना बघ. तिथंही एक साधू आहे. फादर लॉरेन्स गुपचूप लग्न लावतो, दोन घरांचं वैर मिटेल या आशेनं. हेतू चांगलाच. पण दोन्ही बापांसमोर जाऊन 'लग्न झालंय' हे एक वाक्य त्याच्यानं बोलवत नाही. त्याऐवजी तो चौदाही पूर्ण न झालेल्या ज्युलिएटला बेचाळीस तासांच्या झोपेचं औषध देतो. रोमिओसाठी पाठवलेली चिठ्ठी साथीच्या संशयानं बंद केलेल्या घरात अडकते, आणि कबरीच्या तळघरात पोरगी शुद्धीवर येत असताना बाहेर पहारेकऱ्यांची चाहूल लागताच साधुमहाराज पळून जातात. पळून जातात, देवा! तिथं कुणी थोरलं माणूस थांबलं असतं तर तिच्या हाती खंजीर लागला नसता.

आणि तिचा बाप. सुरुवातीला किती शहाणा वाटतो! दोन उन्हाळे जाऊ देत, तिची संमती महत्त्वाची, असं तिला मागणी घालणाऱ्या पॅरिसला सांगतो. घरात सुतक पडतं तशी त्याला घाई सुटते. लग्न गुरुवारी. पोरगी नाही म्हणते तर रस्त्यावर मर, म्हणून ओरडतो. आई हात झटकते. जिनं दूध पाजलं ती दाईसुद्धा सांगते, जाऊ दे, पॅरिस बरा आहे. मग पोरगी खोटंखोटं हो म्हणते आणि बाप खुशीत येऊन गुरुवारचा मुहूर्त बुधवारवर आणतो. त्या एका दिवसानं साधूचा सगळा हिशेब चुकतो. लोक चारशे वर्षांहून अधिक काळ ग्रहताऱ्यांना दोष देत आलेत. मला तरी त्यात ग्रह कमी आणि बापाचं कॅलेंडर जास्त दिसतं. शेवटी दोन्ही बाप एकमेकांच्या लेकरांचे सोन्याचे पुतळे उभारायचं कबूल करतात. पुतळ्याला जात विचारावी लागत नाही.

आमच्याकडे तर पुतळेही नाहीत. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तली प्रभा आठव. शिकायचं होतं, बापानं शिकू दिलं नाही, ती वाड्यातच वाळत गेली. त्याच वाड्यातून रंजू दागिने घेऊन मास्तराबरोबर पळाली. आम्ही प्रेक्षक रंजूला मूर्ख म्हणून मोकळे झालो. 'सैराट'मध्ये आईनं पाठवलेल्या भेटी घेऊन भाऊ दारात येतो, तेव्हा थिएटरात सन्नाटा पसरला होता. दुसऱ्या दिवशी घरी विषय निघाला तसे आम्ही म्हणालो, पण पोरीनंही विचार करायला हवा होता ना.

सज्ञान मुलामुलीच्या लग्नाला घरच्यांची, समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 27 मार्च 2018 ला स्पष्ट सांगून टाकलंय. पण 1954 च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस आहे, आणि ती फळ्यावर लागली की आमच्यातलाच कुणीतरी फोटो काढून तिच्या मामाला पाठवतो. मग फोन जातो, 'घरी ये बेटा, धूमधडाक्यात लावून देऊ.' गणराया, तो फोन करणाऱ्याच्या जिभेवर बस.

भूरिवसूला जे जमलं नाही ते आम्हाला जमू दे. वरच्याला तोंडावर 'नाही' म्हणता येऊ दे, मग तो वरचा भाऊबंदकीतला असो, जातपंचायतीतला की पक्षातला. मदत करायला गेलो तर लॉरेन्ससारखं अर्ध्यावर पळवू नकोस, कामन्दकीसारखं कड्यापर्यंत ने. पोट्टीनं नाव सांगितलं तर आडनावाच्या आधी, तो काय करतो आणि रविवारी जेवायला येईल का, एवढं विचारायची बुद्धी दे.

आणि तरीही आम्ही लोक काय म्हणतील म्हणून रातोरात पत्रिका छापू लागलो, गुरुवारचं बुधवारवर आणू लागलो, तर विघ्नहर्त्या, त्या दिवशी आमच्या बाजूनं उभा राहू नकोस. आमच्या मुहूर्तात विघ्न घाल.