आईचे सस्पेन्स खाते

रोज रात्री नऊला आमची आई बडोद्याला सुमीला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, फोन करते. लोणचे मुरले, शेजारच्या मांजरीला पिल्ले झाली, असल्या बातम्या.

श्रावणात आई मोरीत घसरली. उजव्या हाताला प्लॅस्टर. आमची मंडळी नेमकी माहेरी. त्या रात्री डाव्या हातात फोन धरून आई म्हणाली, "अगं, आज भाकऱ्या दादाने केल्या!"

"हे खोटं नव्हे?" मी विचारले.

"एक तरी शब्द खोटा होता का?"

धर्मराजानेही अश्वत्थाम्याच्या वेळी एवढेच केले, तर त्याचा रथ चार बोटे खाली आला. आईचा पाट जागचा हलला नाही.

मी पडलो बी.कॉम. पाचोली नावाच्या साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये जमाखर्चाची रीत छापली, तेव्हापासून नावे आणि जमा दोन्ही लिहावे लागते. कुठे टाकावी ते न कळणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो खरी, पण कधीतरी ऑडिटर येतोच.

सुमी दिवाळीला चार दिवस आधीच आली. आईचा हात पोळपाटावर अडखळलेला तिने पाहिला. मग रडणे, "मला परकी केलीत!" वगैरे. मी मनातून खूश. तेवढ्यात भाचा म्हणाला, "आजी, बाबा आता घरीच असतात. गणपतीपासून ऑफिसच नाही त्यांना."

सुमी गप्प. आईने काही विचारले नाही. चकलीचा सोऱ्या तिच्या हातात दिला.

"तू पीळ गं. माझा हात दुखतोय."