मागे काही न ठेवणारी सेवा

दर वर्षी १७ सप्टेंबरला परभणीच्या राजगोपालाचारी उद्यानात ध्वजवंदन होते. १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट संपली. हुतात्म्यांना फुले वाहिली जातात, वृद्धांचे डोळे ओलावतात. त्या गर्दीत मला माझी आत्या आठवते, आणि एक प्रश्न माझ्यासोबत घरी येतो : स्मरणाला पुरावा लागतो का?

आत्याचे सासर पैनगंगेकाठी. तेव्हा परभणी जिल्ह्यात, १९९९ पासून हिंगोलीत. नदीपलीकडे उमरखेडला लढ्यातील तरुणांचा कॅम्प होता. १९४७ च्या ऑगस्टात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली अखेरचा लढा पेटला आणि तिच्या मागच्या दाराला रात्रीबेरात्री थाप पडू लागली. मध्यरात्री चूल पेटवावी तर उजेड दिसणार, जाते ओढावे तर घरघर ऐकू जाणार. म्हणून ती दिवसाच जास्तीची ज्वारी दळी आणि सांजेला दहा भाकरी अधिक थापी. कोणी आले नाही, तर पहाटे त्या बैलांपुढे टाकी. शिळ्या भाकरींची चवड शेजारणीला दिसता कामा नये!

कोणी म्हणेल, भाकरी तर प्रत्येक घरी होते; तिला रणसेवा म्हटले, तर त्या शब्दाला काय किंमत राहिली? आक्षेप खरा आहे. पण भाकर खाऊन शिपाई नदीपार जाई. ती मात्र त्याच दाराशी, लेकरांसह, हातात शस्त्र नसताना राहत असे. सुगावा लागला असता तर रझाकार आधी तिच्याकडेच आले असते. हे तिला पुरते ठाऊक होते. जाणून पत्करलेले भय हेच जर शौर्य, तर ते भाकरीत कमी आणि बंदुकीत जास्त कसे?

बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके आपल्याला आठवतात, आणि आठवल्याच पाहिजेत. पण त्या आठवतात त्या शस्त्र घेतलेल्या, घोड्यावर बसलेल्या. स्त्रीने पुरुषाचे काम केले की आपली मान लवते. तिने स्वतःचेच काम जिवावर उदार होऊन केले, तर आपल्याला ते रोजचेच वाटते.

१९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. अट सहा महिन्यांच्या कारावासाची. १९८० पासून स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांवर आली. भूमिगतालाही फरारी ठरवल्याचा किंवा वॉरंटाचा कागद दाखवावा लागे. सरकारला काही कसोटी लागतेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण यातली गंमत पाहा : ज्यांची नोंद शत्रूच्या दप्तरात झाली, त्यांचीच नोंद आपल्या दप्तरात होऊ शकली. जी सापडली नाही, जिचा कुणाला संशयही आला नाही, तिने काम सर्वांत चोख केले. आणि म्हणूनच ती कुठेच उरली नाही.

“तू अर्ज का केला नाहीस?” मी एकदा विचारले. आत्या हसली. “भाकरीची काय पावती असती का रे?”

सरकारला पावती हवी. कृतज्ञतेलाही हवी काय? मला वाटते, नको. सरकार पैसे देते, त्याला हिशेब ठेवावा लागतो. घराने द्यायचा असतो तो फक्त कान. त्या काळच्या लेकी-सुना आता मोजक्याच उरल्या आहेत. ज्या उरल्या आहेत त्यांना ‘आजी, तेव्हा रात्री दार कोण उघडायचं?’ एवढे तरी विचारावे.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तिचे काम नीट झाल्याची खूण एकच, मागे काही उरत नाही. तरी आपण तिला पुरावा मागत नाही. लक्ष्मी म्हणतो आणि हात जोडतो.