क्लैब्य आणि कर्तेपण

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला उद्देशून जो शब्द वापरतो, तो आपण पाठांतराच्या ओघात गिळून टाकतो. तो शब्द आहे क्लैब्य. सरळ मराठीत नपुंसकपणा. विराटाच्या घरी वर्षभर बृहन्नडा होऊन राहिलेल्या माणसाला तो किती झोंबला असेल! त्याआधीची अर्जुनाची अवस्था पाहावी. तोंडाला कोरड, अंगाला कंप, हातातून निसटणारे धनुष्य. हात शाबूत, विद्या शाबूत, पण ऐन वेळी शरीर ऐकत नाही. आणि कृष्णाच्या त्या टोमण्याने काय साधले? काहीच नाही. 'लढणार नाही' म्हणून अर्जुन गप्प बसला. कामी आला तो पुढचा दीर्घ संवाद, आणि त्यातला मोठा भाग शौर्याबद्दल नसून कर्तेपणाबद्दल आणि फळाच्या आसक्तीबद्दल आहे. गीता रणांगणातली आहे, शेजघरातली नव्हे, हे मान्यच. तरीही मनावरच्या ताणामुळे ज्या पुरुषाच्या लिंगाला ऐन वेळी ताठरता येत नाही, त्याच्या दुखण्याची घडण मला अशीच दिसते. आणि आपला समाज अजून त्या पहिल्या टोमण्यापाशीच अडकला आहे.

हात उचलायचा म्हटले की उचलता येतो. ताठरता अशी हुकमावर येत नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीनला हीच गोष्ट खुपली. हा अवयव इच्छेला जुमानत नाही, नको तेव्हा जागा होतो आणि हवा तेव्हा साथ देत नाही, यात त्याला आदिपापाची शिक्षा दिसली. निरीक्षण अचूक, निष्कर्ष मात्र निष्कारण कठोर. जे इच्छेच्या ताब्यातच नाही, त्याचा दोष इच्छेच्या माथी कसा मारायचा? आपल्याकडच्या वैद्यांनी त्याच निरीक्षणातून वेगळी वाट काढली. सुश्रुताने क्लैब्याचे सहा प्रकार सांगताना मानस क्लैब्य पहिले घेतले. चरकाने कामशक्ती वाढवणाऱ्या गोष्टींत संकल्पाला अग्रस्थान दिले आणि ती घटवणाऱ्यांत दौर्मनस्याला, म्हणजे खिन्न, आंबलेल्या मनाला. आजचे शरीरशास्त्र याला दुजोराच देते. ताठरतेसाठी लिंगातल्या रक्तवाहिन्या सैलावून त्यांत रक्त भरावे लागते; भीतीच्या क्षणी शरीर लढण्या-पळण्याची तयारी करते आणि त्याच वाहिन्या आकसतात. म्हणजे जोर लावणे हाच इथे अडथळा ठरतो.

भीती तरी कसली? विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात तिचे मर्म सांगितले. असा पुरुष संगात नसतोच. तो बाजूला उभा राहून स्वतःकडे प्रेक्षकासारखा बघत असतो. एकदा फसले की पुढच्या वेळी तो 'आज जमेल ना' हे तपासायलाच अंथरुणात शिरतो, आणि तपासणीच पुढचे अपयश घडवते. इथे वेदान्ती वाचक हरकत घेईल: साक्षीभाव तर आपण मुक्तीची वाट मानतो, मग बघणे हाच रोग कसा? फरक असा की साक्षी गुण देत नाही. शेजघरातला हा प्रेक्षक परीक्षक आहे, हातात गुणपत्रिका घेऊन बसलेला अहंकार आहे. म्हणून मास्टर्स आणि जॉन्सन यांचा उपाय मला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मोलाचा वाटतो. काही काळ संभोगच वर्ज्य करायचा, आणि जोडप्याने फक्त स्पर्श करायचा, तोही ताठरतेची अपेक्षा न ठेवता. 'फळाची आशा सोड' असा नुसता उपदेश केला, तर आशा सोडणे हेच नवे फळ होऊन बसते. इथे परीक्षाच रद्द होते, त्यामुळे नापास होण्याची सोयच उरत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: हे सगळे मनाचे खेळ कशावरून? खरोखरच, सगळे नसतात. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, काही औषधे (त्यांत नैराश्यावरच्या गोळ्याही आल्या) ताठरता घालवू शकतात, आणि कधी हे हृदयविकाराचे आगाऊ लक्षण असते. झोपेत किंवा पहाटे ताठरता येते पण जोडीदाराजवळ येत नाही, असे असेल तर संशय मनाकडे जातो. तरी आधी रक्तातली साखर तपासावी, गीता नंतर. मग ताठरतेसाठी १९९८ साली आलेली गोळी का नको? डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावी. एकदा जमले की परीक्षकाचा धाकही ओसरतो. फक्त हृदयासाठी नायट्रेटची औषधे चालू असलेल्याने ती मुळीच घेऊ नये. पण गोळी रक्ताला वाट करून देते. इच्छा, ओढ, जवळीक ती आणत नाही.

सर्वांत चिवट कारण मात्र धर्माच्या नावाने येते. वीर्यनाश म्हणजे सर्वनाश ही समजूत तरुणांच्या मनात इतकी खोल रुजली की १९६० मध्ये डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी त्या धास्तीच्या आजाराला 'धात' असेच नाव दिले. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य'मधून अशा भयगंडांशी झगडले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढले. कामाची लाज हाच धर्म, असे म्हणणाऱ्यांनी कामाला पुरुषार्थांत स्थान देणारी परंपरा कुणाची, हे सांगावे. गंमत म्हणजे तो 'पुरुषार्थ' शब्दही आपण झिजवून मर्दुमकीपुरता उरवला. आता भिंतींवरच्या जाहिराती 'मर्दानी ताकद' विकतात, म्हणजे परीक्षकाच्या हातात आणखी एक छडी देतात. अर्जुनाचे मात्र एक बरे होते. कंप, कोरड, निसटते धनुष्य, हे सारे दुसऱ्या कुणी त्याच्याबद्दल सांगितलेले नाही. शेजारी बसलेल्या सारथ्याला ते त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. आपल्याकडचा नवरा तेच बायकोला सांगण्याऐवजी रात्री उशिरापर्यंत मोबाइल बघत बसतो, ती झोपण्याची वाट पाहत. आणि ती बिचारी आपल्यातच काही कमी आहे का, याचा हिशोब भिंतीकडे तोंड करून मांडत असते.