संशयाचे शिक्षण

गुन्हेगारी आणि गुप्तवार्ता यांचे विश्लेषण हा आता रीतसर शिकण्याचा आणि शिकून उपजीविका करण्याचा विषय झाला आहे. २०२० साली संसदेच्या कायद्याने नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी स्थापन झाली; तिचे एक संकुल गोव्याच्या वाट्याला आले आणि २०२१ साली धारबांदोड्यास त्याची कोनशिला बसली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. तेव्हा अशा माणसांची गरज वाढतच जाणार. पेडणे-डिचोलीतील जुन्या घराण्यांतून आजवर वकील, शिक्षक, वैद्य निपजले. उद्या एखादी नात या मार्गाने जाऊ म्हणाली, तर तिला तेथे काय शिकवले जावे, हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही. तो नीतीचाही आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. न्यायवैद्यक तज्ज्ञ घडून गेलेल्या गोष्टीचे अवशेष तपासतो. विश्लेषक पुष्कळदा अजून न घडलेल्या गोष्टीचा अंदाज बांधतो. दूरध्वनीच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, गुन्ह्यांचे नकाशे, खबऱ्यांचे अहवाल हे सारे एकत्र मांडून तो म्हणतो, ‘येथे काहीतरी शिजते आहे.’ म्हणजे संशय घेणे हेच त्याचे काम. घरात आपण मुलांना शिकवतो की पुराव्यावाचून कोणावर संशय घेऊ नये. आणि येथे तर संशयाचेच शिक्षण द्यायचे!

हा पेच कौटिल्याला ठाऊक होता. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांच्या नेमणुकीची चर्चा आहे. हेरांना एकमेकांची ओळख असू नये, तिघांची वार्ता जुळली तरच ती विश्वासार्ह मानावी आणि ज्यांची वार्ता वारंवार विसंगत ठरेल त्यांना दूर करावे, असे तो सांगतो. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती १९६० पासून प्रसिद्ध होऊ लागली, तीत हे कोणालाही वाचता येईल. कौटिल्य दयाळू नव्हता. तरीही एकाच्या शब्दावर कारवाई करू नये, एवढे भान त्याने ठेवले. मात्र त्याच्या नियमात एक उणीव राहते. तिघांचा पूर्वग्रह एकच असेल, तर तिघांची वार्ता जुळेलच, आणि तरीही ती खोटी असेल.

तेरेखोलचेच उदाहरण घेऊ. हे गाव पेडणे तालुक्यातले, पण नदीच्या उत्तर काठावर वसलेले. गोव्याशी त्याला जोडते ती केरीची फेरीबोट. जमिनीने मात्र ते सिंधुदुर्गाला चिकटलेले आहे. गोव्यात मद्यावरील कर कमी, त्यामुळे पलीकडे त्याची चोरटी वाहतूक चालते, हे सर्वश्रुत आहे. आता कल्पना करा, की एक तरुण रोज ठराविक वेळी नदी ओलांडतो, त्याच्या मोबाइलची नोंद कधी गोव्याच्या तर कधी महाराष्ट्राच्या टॉवरवर होते आणि महिन्याकाठी त्याच्या खात्यात रोख पैसे भरले जातात. नकाशावर हे चित्र तस्कराचे दिसेल. पण हरमलच्या हॉटेलात काम करून रेडीला परतणाऱ्या मुलाचे चित्रही नेमके असेच असते. शिवाय अशा सीमेवर घरात बसलेल्या माणसाचा मोबाइलही पलीकडच्या टॉवरला लागू शकतो. गडाच्या तटावरून होडी दिसते, तिच्यातला माल दिसत नाही.

अमेरिकेच्या सीआयएमध्ये आयुष्य घालवलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात यावर एक रीत सांगितली आहे. शक्य तेवढी सारी अनुमाने प्रथम मांडावीत आणि आपल्याला पटलेल्या अनुमानाला दुजोरा शोधण्याऐवजी प्रत्येकाला खोडणारा पुरावा शोधावा. आपल्या तरुणाचे नदी ओलांडणे दोन्ही अनुमानांना सारखेच जुळते; म्हणून त्याचे मोल शून्य. त्याच्या हजेरीपटाला मात्र मोल आहे. वरवर ही तंत्राची बाब वाटते. वस्तुतः ज्याला आपली बाजू मांडण्याची संधीच नाही, त्याची बाजू विश्लेषकाने स्वतःच मांडून पाहावी, असा हा नियम आहे.

दुसरा धडा शब्दांचा. येल विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक शर्मन केंट हे या शास्त्राचे एक जनक. १९५१ साली युगोस्लाव्हियावर आक्रमण होण्याची ‘गंभीर शक्यता’ आहे, असा अहवाल त्यांच्या कार्यालयाने दिला. ‘गंभीर’ म्हणजे किती, असे कोणी विचारले तेव्हा केंट यांच्या मनात शंभरांत पासष्ट होते. पण अहवाल तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारता, कोणाच्या मनात वीस तर कोणाच्या मनात ऐंशी निघाले! एकाच वाक्याखाली सर्वांनी मान डोलावली होती. ‘दाट संशय’, ‘विश्वसनीय सूत्रे’ असे शब्द आपल्याकडेही अहवालांत आणि वृत्तपत्रांत सर्रास वापरले जातात. ‘दाट’ म्हणजे किती, हे लिहिणाऱ्याला सांगता येत नसेल, तर तो शब्द त्याने वापरू नये.

यावर कोणी म्हणेल, की एवढ्या चिकित्सेत वेळ घालवला तर शत्रू दाराशी येऊन ठेपेल. हा आक्षेप हलका नाही. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा जण ‘कुबेर’ नावाची मच्छीमार नौका बळकावून मुंबईच्या किनाऱ्याला लागले आणि १६६ जीव गेले. ताज हॉटेलविषयी आधी इशारे मिळाले होते. वार्ता होती, ती जोडून, तिचे वजन ठरवून, योग्य हाती देण्यात आपण कमी पडलो. पण यातून निघतो तो निष्कर्ष सरसकट संशयाचा नव्हे. ज्याला प्रत्येकच इशारा सारखा तातडीचा वाटतो, त्याचा खरा इशाराही कोणी ऐकत नाही.

सरसकट संशयाचे फळ महाराष्ट्राने पाहिले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे अवघ्या जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. पारध्यांसारख्यांची नावे नोंदवहीत चढली, हजेऱ्या सुरू झाल्या, सोलापुरात कुंपणाआड वसाहत झाली. चोरी झाली की प्रथम वसाहतीत शोध. शोध तेथेच, म्हणून पकडले जाणारेही तेथलेच. आणि त्या आकड्यांवरून नोंदवही खरी ठरे. १९५२ साली कायदा गेला, कलंक राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत तो टिकून असल्याचे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही नमूद करावे लागले. आज नोंदवहीच्या जागी संगणक आला आहे. जुने आकडे त्याला पुरवले, तर तो जुनाच संशय अधिक वेगाने आणि तटस्थतेच्या आविर्भावात परत करील.

अखेरचा प्रश्न सर्वांत अवघड. अनुमान अचूक निघाले, म्हणजे काम योग्य झाले काय? १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही तेरेखोलच्या गडात शिरले, तिरंगा फडकवला आणि पकडले गेले. त्यांच्या बेताची आगाऊ कुणकुण एखाद्या चतुर पोर्तुगीज विश्लेषकाला लागली असती, तर त्याचे अनुमान शंभर टक्के खरे ठरले असते. त्या राजवटीच्या लेखी तो गुन्हाच होता. आपल्या लेखी ते देशकार्य. म्हणून या विद्यार्थ्याला नकाशे आणि सांख्यिकी यांच्या जोडीने कायद्याचा इतिहास आणि राज्यघटना शिकवली पाहिजे. आपण कोणाचे डोळे झालो आहोत, हे त्याला विचारता आले पाहिजे.

सालाझारच्या गुप्त पोलिसांची, म्हणजे पीदेची, हुकूमशाही कोसळल्यावर १९७४ साली अखेर झाली. त्यांचे दप्तर आज लिस्बनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहे, आणि ज्यांच्यावर पाळत होती त्यांतील कित्येकांनी पुढे आपली स्वतःची फाइल वाचली. लिहिणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल, की हे कागद कधी या हाती पडतील. नव्या विद्यार्थ्याला मात्र पहिल्याच दिवशी हे सांगावे. प्रत्येक टिपण असे लिही, की ज्याच्याविषयी ते आहे त्याने उद्या ते समोर ठेवले, तर कोठून कळले, कितपत खात्री होती आणि दुसरी कोणती शक्यता तपासली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तुला त्याच्याकडे पाहून देता येतील. एवढे जिला साधेल, त्या नातीला आपण निःशंकपणे या वाटेने जाऊ द्यावे.